गारपगारी



फाल्गुन निम्मा सरला. चना सोंगणीवर आला, गहू पिवळा पडू लागला, मृगाचा संत्रा अजून काही बगिच्यांत झाडावरच आहे आणि आंबियाची फळं वाटाण्याएवढी झाली. म्हणजे वर्षाची सगळी कमाई एकाच वेळी उघड्या आभाळाखाली. अन् नेमके हेच गारपिटीचे दिवस. दोन दिवसांपासून मोबाईलवर येलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट येऊन रायले. आमच्या वरुड-मोर्शीकडं ऑरेंज अलर्ट म्हटलं की चावडीवर लोक हसतात, म्हणे संत्र्यालाच धोका आहे हे सांगायला रंग कायले पाहिजे.

आज फवारणीचं, खताचं काही लिहीत नाही. इतिहासाचं लिहितो. पण हा इतिहास येत्या पंधरा दिवसांच्या कामाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी हे दिवस गारांचेच का, ते थोडक्यात. गार बनायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात. खाली तापलेली जमीन, तिच्यावर समुद्राकडून आलेली ओल, आणि वर बर्फासारखी थंड हवा. मार्चमध्ये आपल्याकडं दुपारी पारा छत्तीस-सदतीसवर जातो, ओल बंगालच्या उपसागराकडून येते, आणि उत्तरेतून जाणारे पश्चिमी झंझावात वरची थंड हवा खाली मध्य भारतापर्यंत आणून सोडतात. तापलेली हवा जोरात वर उसळते. तिच्यात पाण्याचा थेंब वर जाऊन गोठतो, आणि तो उसळा जोवर त्याला पेलतो तोवर त्याच्यावर बर्फ चढत राहतो. मोठी गार मधोमध कापून पाहा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. उसळ्याला पेलवेनाशी झाली की ती पडते. मे महिन्यात ऊन जास्त असतं, पण गोठायची पातळी वर सरकलेली असते, म्हणून बऱ्याच गारा वाटेतच वितळतात. फाल्गुन-चैत्रात तसं होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे. गारपीट पट्ट्यानं पडते. पाऊस जसा तालुकाभर पडतो तशी ती पडत नाही. ढग चालता चालता खाली एक अरुंद पट्टा झोडपत जातो. धुऱ्याच्या अलीकडचा गहू भुईसपाट आणि पलीकडचा डुलतो आहे, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं असेल.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या वऱ्हाडात आणि नागपूरकडच्या मुलखात, गावगाड्यात लोहार, सुतार, न्हावी जसे होते तसा एक माणूस गारांसाठी होता. त्याला गारपगारी म्हणत. नाव ऐकलं की पगार आठवतो, अन् खरंच त्याला गावाकडून पगार होता. काम एकच, गावाच्या शिवारावर येणारी गार परतवायची. नव्या पोरांना हे नाव ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते एका समाजाचं नाव म्हणून ठाऊक आहे. त्या समाजाची कुटुंबं आजही विदर्भात आहेत.

या गारपगाऱ्यांची बरीच तपशीलवार नोंद आर. व्ही. रसेल या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानं रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीनं केली. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली छापला गेला. त्यात हे लोक मूळचे नाथ-जोगी असल्याचं लिहिलं आहे. भगवी वस्त्रं, गळ्यात रुद्राक्ष, आणि मयताला बसवून पुरायची रीत. साहेबांच्या लिखाणात जातीपातीबद्दल आज वाचवणार नाही असं पुष्कळ आहे, ते बाजूला ठेवा. पण त्यात गारपगाऱ्यांच्या घरात चालत आलेली एक कथा दिली आहे, ती मी तीनदा वाचली.

कथा अशी. राऊत नावाचा एक जोगी गावच्या कुणबी मालगुजारासोबत काशीला गेला होता. तिथं त्यानं सांगितलं, की अमुक दिवशी आपल्या गावावर गारपीट होऊन सगळं पीक जाणार आहे. मालगुजारानं हात जोडले, काही करता येत असेल तर कर म्हणाला. जोगी म्हणाला, माझ्या विद्येनं मी साऱ्या गावावरची गार ओढून माझ्या एकट्याच्या वावरात पाडू शकतो. पण माझं जे जाईल ते गावानं भरून द्यायचं. कबूल झालं. दोघं गावी परतले तेव्हा गारपीट होऊन गेली होती, आणि सगळी गार जोग्याच्याच वावरात पडली होती. गावानं त्याचं नुकसान भरून दिलं, आणि तोच पहिला गारपगारी झाला.

ही कथा ऐकून लोक चमत्कारापाशी थांबतात. मी कास्तकार माणूस, मला तिच्यातला करार दिसतो. गार एकाच्याच वावरात पडते, हे ज्यानं कथा रचली त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आज त्याच्या धुऱ्यावर, उद्या माझ्या. कोणावर पडेल हे आधी ठरत नाही, पण कोणावर तरी पडणार हे नक्की. मग ज्याच्यावर पडली त्यानं साऱ्या गावाचा मार एकट्यानं खाल्ला असं धरायचं, आणि ज्यांचं वाचलं त्यांनी त्याचं भरून द्यायचं. विमा म्हणजे काय ते याहून सोपं करून मला तरी कोणी सांगितलं नाही. विमा कंपनीचे एजंट गावात येतात तेव्हा हप्ता सांगतात, टक्के सांगतात, ही गोष्ट सांगत नाहीत.

पगाराचंही तसंच. गारपगाऱ्याला प्रत्येक कास्तकाराकडून ठरलेलं धान्य मिळे, पेरणीला आणि कापणीला भेट मिळे, आणि वसंतपंचमीला दर कुळाकडून दोन पैसे. आता वसंतपंचमी कधी येते पाहा. माघ शुद्ध पंचमी. गारांचा हंगाम सुरू व्हायच्या थोडं आधी! आपल्या विम्याच्या अर्जाला शेवटची तारीख असते ना, तशीच ती तारीख वाटते. ज्या कोणी ठरवली त्याला आभाळाचं वेळापत्रक चांगलं माहीत होतं.

त्याची ड्यूटीही लिहून ठेवली आहे. रात्री आभाळ लाल-काळं, धूर आणि जाळ मिसळल्यासारखं दिसलं की गार येणार हे तो ओळखे. मग हातात तलवार घेऊन मारुतीपुढं उभा राही. आधी विनवणी. मारुती ऐकेना तर धमकी, मी जीव देईन. अंगावरचे कपडे काढून फेकी. कधी बायकोपोरांनाही देवळापुढं उभं करी. जुन्या काळी स्वतःला वार करून घेत असं सांगत, पण रसेलच्या वेळेपर्यंत ते बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर आलेलं होतं.

तलवार दाखवून गार परतत नाही, हे मला सांगायची गरज नाही. माझा त्याच्यावर विश्वास नाही अन् कोणी ठेवावा असंही म्हणत नाही. पण त्या रात्रीचं चित्र डोळ्यापुढं आणा. सारं गाव झोपलेलं. एक माणूस मात्र जागा आहे, कारण जागं राहायचं धान्य त्यानं घेतलं आहे. तो आभाळ पाहतो, उठतो आणि गावाच्या मधोमध मारुतीपुढं जाऊन ओरडतो. माझा अंदाज असा, की मारुती जागा होवो न होवो, गाव जागं होत असणार. खळ्यावरच्या गंजीवर कुटार-पराट्या टाकायला, ढोरं गोठ्यात घ्यायला, वावरातल्या जागल्याला हाक मारायला तेवढा वेळ पुरतो. मंत्राचं फळ शून्य धरलं तरी जागरणाचं फळ उरतंच.

रसेल हे हक्काचं धान्य 'पूर्वी मिळे' असंच लिहितो. म्हणजे १९१६ च्या आधीच पगार आटत चालला होता. गावगाडा मोडला तशी बाकीच्या बलुत्यांची जी गत झाली तीच याची. फरक एवढाच की लोहाराचं काम दुकानात गेलं, न्हाव्याचं सलूनमध्ये गेलं, आणि याचं काम कुठंच गेलं नाही. ते पडूनच राहिलं.

त्याच काळात सरकारी कागदावर गारांच्या नोंदी सुरू झाल्या. मुंबईला बॉम्बे टाइम्सचे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी १८५० च्या दशकात हिंदुस्थानातल्या मोठ्या गारपिटींची टिपणं गोळा केली. १८७५ साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्या खात्याचे प्रमुख जॉन इलियट यांनी १८९९ मध्ये गारपिटींवर मोठा निबंधच लिहिला, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेत मुरादाबाद भागात गारपीट झाली आणि त्यात २४६ माणसं मेली. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत एका गारपिटीत सर्वात जास्त माणसं गेल्याची नोंद आजही हीच आहे. त्या दिवशी सोळाशेच्या वर शेळ्या-मेंढ्याही गेल्या. माणसं मेली ती बहुतेक उघड्यावर होती. कितीतरी जण डोक्यात गार बसून मेले नाहीत, खाली पडले, गारांच्या ढिगात दबले आणि गारठून गेले. एप्रिलच्या उन्हात माणूस गारठून मरतो, हे वाचल्याशिवाय पटत नाही.

हसायचं असेल तर युरोपाकडं पाहा. तिकडं वादळ आलं की चर्चच्या घंटा बडवायची रीत होती. उंच मनोऱ्यावर ओला दोर धरून उभं राहायचं ते नेमकं वीज कडाडत असताना, त्यात घंटा वाजवणारेच मरत. मग १८९६ साली ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातल्या अल्बर्ट श्टिगर नावाच्या नगराध्यक्षानं, जो स्वतः द्राक्षबागायतदार होता, गारांची तोफ काढली. उभं ठेवलेलं लोखंडी नरसाळं, खालून बारूद उडवायची. चार वर्षांत इटलीत अशा हजारो तोफा झाल्या, परिषदा भरल्या. शेवटी १९०३-०४ च्या सुमारास ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरकारांनी नीट चाचण्या घेतल्या. तोफा धडधडत राहिल्या अन् गारा पडायच्या तशाच पडल्या. तरी शंभर वर्षांनी २०१० मध्ये आपल्या हिमाचलात सफरचंदाच्या बागांसाठी नव्या तऱ्हेच्या तोफा बसल्याच. तिथल्या बागायतदारांनी भरवसा मात्र ठेवला तो जाळ्यांवर, झाडावर ताणलेल्या गारप्रतिबंधक जाळ्या. जाळी डोळ्यांना दिसते, ती काय करते ते कळतं. आपल्या संत्र्याच्या उंच झाडाला तिचा खर्च परवडत नाही, हा भाग वेगळा.

सांगायचं हे, की तलवारवाल्याला अडाणी म्हणायचं कारण नाही. गार यायची म्हटली की शिकलेला माणूसही काहीतरी हातात घेऊन आभाळाकडं रोखतोच.

गार परतवायचा नाद सोडून तिची आगाऊ खबर द्यायची, हे शहाणपण हळूहळू आलं. हवामान खात्यानं पुण्यात १९३२ साली शेतीसाठी वेगळा विभाग उघडला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास, भारतातल्या कृषी हवामानशास्त्राचा पाया घालणारा माणूस. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाचं बातमीपत्र सुरू झालं. माझ्या लहानपणी बुढा संध्याकाळी रेडिओला कान लावून बसे. 'विदर्भात तुरळक ठिकाणी' एवढं ऐकलं की तो म्हणे, "ते तुरळक म्हणजे आपलंच वावर, लिहून ठेव." चेष्टेत म्हणे, पण पट्ट्यानं पडणाऱ्या गारेला जिल्ह्याचा अंदाज पुरत नाही, हे त्याला बरोबर समजलेलं होतं.

मग २०१४. या पानावरच्या बहुतेकांनी ते साल अंगावर काढलेलं आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, आज इथं तर उद्या तिथं. राज्यातले २८ जिल्हे झोडपले गेले. सोलापूर, लातूर, बीडची ज्वारी आणि द्राक्षं, नाशिकचा कांदा आणि द्राक्षं, आपल्याकडं गहू, चना, संत्रा. बारामतीजवळच्या माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिनं त्याच साली गारपिटीची कारणं, नुकसान आणि नंतरचे उपाय यावर पुस्तिका काढली. ज्यांना फळबाग आहे त्यांनी ती मिळवून वाचावी.

आमच्या शिवारात ती आली दुपारी चारच्या सुमारास. टिनावर कोणी गिट्टीचा टिप्पर खाली करावा तसा आवाज. पंधरा मिनिटं चालली असेल. बाहेर आलो तर मृगाचा संत्रा झाडाखाली, त्यावर गारांचा थर, आणि त्यात पोपट, साळुंक्या, बगळे मरून पडलेले. झाडाच्या ज्या बाजूनं मारा झाला त्या बाजूची साल सोललेली. माझ्या उत्तरेच्या शेजाऱ्याचा गहू एका ओळीतसुद्धा उभा नव्हता, आणि त्याच्या पलीकडं दोन वावरं सोडून तिसऱ्यात काहीच झालेलं नव्हतं. तो तिसरा माणूस आठ दिवस कोणाच्या नजरेला नजर देईना. आपलं वाचलं याचीही लाज वाटते माणसाला, हे मी तेव्हा पाहिलं.

पंचनामे झाले. तेव्हा नियम असा होता की पिकाचं ५० टक्क्यांहून जास्त नुकसान झालं तरच मदत. गव्हाचं चाळीस टक्के गेलं असेल तर सरकारच्या हिशेबी काही गेलंच नाही. २०१५ च्या वसंतात देशभर पुन्हा अवकाळी अन् गारपीट झाली, तेव्हा त्या एप्रिलमध्ये केंद्रानं ही अट ३३ टक्क्यांवर आणली. २०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा आला. त्यात गारपिटीसारखी आपत्ती एकट्याच्या वावरावर आली तरी त्या वावराचा पंचनामा होईल असं कलम होतं. अट एकच, ७२ तासांत कळवायचं. कटकट पुष्कळ होती, फोन लागत नसे, पण कलम बरोबर होतं. ते जोग्याच्या कथेतलं कलम होतं.

२०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यानं ते कलम काढलं आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर ठेवली. म्हणजे मंडळाची सरासरी पडली तरच पैसे. सरासरीचं काय होतं ते सांगतो. मंडळात पंधरा-वीस गावं. गारेचा पट्टा दोन गावांवरून गेला. त्या दोन गावांत चना नाही आणि बाकीच्यांत भरघोस. सरासरी कशाला पडेल? फळपीक विम्यात गारपिटीसाठी वेगळा जादा हप्ता भरून संरक्षण घ्यायची सोय आहे, संत्रावाल्यांनी ते पावतीवर घेतलेलं आहे का ते आजच पाहा. चन्या-गव्हाला मात्र गारेच्या पट्ट्यात सापडलेला माणूस विम्याच्या हिशेबात एकटा पडला. सरकारी मदत ३३ टक्क्यांच्या नियमानं मिळते, तो आधार आहे. पण ती मदत आहे, तिच्यानं लागवडीचा खर्चही निघत नाही.

दुसरी गोष्ट तिच्याहून शांतपणे झाली. जिल्ह्याजिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रांत हवामानाचा माणूस बसवायला सुरुवात झाली होती. देशभरात अशी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली. तालुक्याचा अंदाज वाचून 'सोंगलेला चना झाका, दोन दिवस फवारणी थांबवा' असं आपल्या भाषेत सांगणारा माणूस त्यात होता. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करण्यात आली. अंदाज काय, तो मोबाईलवर येतोच, असं त्यामागं धरलं असणार. मी ती बातमी वाचली तेव्हा मला गारपगारी आठवला. आभाळ पाहायचा पगार पुन्हा एकदा बंद.

मोबाईलला मी नावं ठेवत नाही. हवामान खात्याची तीन तासांची तातडीची सूचना खरोखर कामाची आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्या जागेपासून २० ते ४० किलोमीटरवर वीज पडून राहिली हे दाखवतं, ते प्रत्येकाच्या फोनमध्ये पाहिजेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ या एका वर्षात देशात विजेनं २८८७ माणसं गेलेली आहेत. गार पीक नेते, वीज माणूस नेते, आणि दोन्ही एकाच ढगातून येतात.

पण सूचना फोनपर्यंत येते, वावरापर्यंत येत नाही. या दिवसांत वावरात कोण असतं पाहा. मेळघाटातून चना सोंगायला, संत्रा तोडायला आलेली कोरकू कुटुंबं, धुऱ्यावर पाल टाकून राहणारी. त्यांच्या फोनला रेंज नाही, बॅटरी नाही, आणि सूचना आली तरी ती त्यांच्या बोलीत नाही. रिकाम्या वावरात मेंढ्या बसवलेला धनगर, सोबत दोन लहान पोरं. सोंगणीला गेलेल्या बाया, फोन घरी ठेवून. गारपगारी ज्यांच्यासाठी ओरडत असेल ती हीच माणसं. अलर्ट आला तेव्हा मी घरात टिनाखाली होतो, ते नव्हते.

म्हणून तीन वर्षांपासून आमच्या नाल्याकाठच्या धुऱ्यावरचे अकरा जण मिळून काही गोष्टी करतो. त्यात नवीन काही नाही, सावड जशी करतात तसंच. फाल्गुनात आठ-आठ दिवसांची पाळी लावतो. ज्याची पाळी त्यानं दुपारी बारापासून अंधार पडेपर्यंत दामिनी आणि रडार पाहायचं. पाहून ग्रुपवर टाकायचं नाही, फोन करायचा. आणि त्याच्या धुऱ्याकडचा जो मजूर, जो धनगर, त्याच्याकडं मोटारसायकलवर स्वतः जायचं. दोन वावरांतले गोडाऊन कुलूप न लावता ठेवलेले असतात, पाल सोडून माणसांनी तिथं यायचं. मेंढ्या आल्या तरी चालतात. लेंड्या फुकट मिळतात, तक्रार कोणाची नाही. मारुतीच्या देवळावरचा भोंगा आहेच, पण वारा उलटा असला की नाल्यापलीकडं ऐकू येत नाही, त्यामुळं त्याच्यावर भरवसा नाही.

पहिला गडगडाट ऐकला की सोंगणी बंद, मग उरलेली ओळ कितीही छोटी असो. गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, उघडा ट्रॅक्टरही आसरा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा.

थ्रेशर सगळ्यांत एकच. आधी ज्यानं पैसे दिले त्याचा नंबर पहिला असायचा. आता ज्याचा चना सोंगून वावरात पडला आहे त्याचा पहिला. यावरून एकदा कडक भांडण झालं, अजूनही दोघं बोलत नाहीत, पण नियम टिकला. सोंगायचं तेवढंच जेवढं दोन दिवसांत निघेल. गंजी लावायची ती खाली पराट्यांचा थर देऊन, उंचावर, आणि ताडपत्री दोरानं बांधून. नुसते दगड ठेवले की वाऱ्यानं पहिली तीच उडते. गार पडून गेलीच तर संत्र्याच्या मोडलेल्या फांद्या छाटून कापाला बोर्डो मलम, पडलेली फळं उचलून बगिच्याबाहेर, आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड तीन ग्रॅम लिटरला. सोललेल्या सालीतून डिंक्या शिरतो, चार दिवस शोक करत बसलं की झाडच जातं. फोटो काढताना तारीख आणि ठिकाण दिसेल असे काढा, धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचे काढा.

यंदा एक गोष्ट वाढवायचं चाललं आहे. विम्यातलं ते कलम गेल्यावर आमच्यातल्या एकानं काढली. काढणी झाली की अकरा जणांनी एकरी दहा किलो चना बाजूला ठेवायचा. ज्याच्या वावरावरून पट्टा गेला त्याला तो द्यायचा. कोणावरच गेला नाही तर विकून पुढच्या सालासाठी ठेवायचा. दहा किलोनं कोणाचं नुकसान भरत नाही, पण अकरा जणांचे सगळे एकर धरले तर एका माणसाच्या पुढच्या पेरणीचं बियाणं-खत निघतं. रसेलच्या पुस्तकातली जोग्याची गोष्ट मी त्या बैठकीत वाचून दाखवली. एक जण म्हणाला, "मंग आपल्यातला जोगी कोण?" दुसरा म्हणाला, "ते गार पडल्यावर समजते."

अडलं आहे ते एका ठिकाणी. अकरापैकी तिघांची वावरं मक्त्यानं दिलेली आहेत. मालक अमरावतीला राहतो आणि कसतो दुसराच. सरकारी मदत सातबाऱ्यावरच्या नावानं जाते, ते आपल्याला बदलता येत नाही. पण आमचा चना कोणाला द्यायचा? मी म्हणतो ज्याचा घाम त्याला. दोघे म्हणतात मालकानं हिस्सा टाकला असेल तर त्यालाही काही द्यावं लागेल. शनिवारी संध्याकाळी मारुतीपाशी बसून ठरवतो आहोत. तोवर पाळी माझी आहे, रविवारपर्यंत. कोणाच्या गावात असं काही चालत असेल, अन् मक्तेदाराचा हिशेब तुम्ही कसा सोडवला, तर शनिवारच्या आधी कळवा.